डोंगराचं चित्र वाचताना: आधी भाव मोजा, मग प्रतीकं शोधा

डोंगराचं चित्र पाहून ‘मन दडपतं’ म्हणणं आणि ‘हे धुकं म्हणजे अनिश्चित भविष्य’ म्हणणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिल्याचा पुरावा कॅनव्हासवर असतो. रेषा, उजेड, रंग आणि मोकळी जागा यांत तो दाखवता येतो, काही अंशी पट्टीने मोजताही येतो. दुसऱ्याचा पुरावा बहुतेक वेळा कॅनव्हासच्या बाहेर असतो: चित्रकाराचा काळ, त्याचा धर्म, त्याने स्वतः लिहून ठेवलेलं, त्याची इतर चित्रं. बरीचशी रसग्रहणं फसतात ती इथे. भाव नीट न पाहताच प्रतीकांवर उडी मारली जाते आणि मग कुठल्याही चित्राला कुठलाही अर्थ चिकटतो.

उदाहरणासाठी कास्पर डाविड फ्रीडरिश हा जर्मन चित्रकार घेऊ. तो 1774 मध्ये बाल्टिक किनाऱ्यावरच्या ग्राइफ्सवाल्डला जन्मला आणि 1840 मध्ये ड्रेस्डेनला वारला. वळण कट्टर प्रोटेस्टंट. डोंगर, धुकं, सूचिपर्णी झाडं आणि पाठमोरी माणसं हे त्याचे नेहमीचे विषय. त्याचं एक चित्र तरी बहुतेकांनी पाहिलेलं असतं, निदान पुस्तकांच्या मुखपृष्ठांवर किंवा पोस्टरवर: खडकाच्या टोकावर उभा असलेला, काठी टेकलेला, गडद हिरव्या कोटातला माणूस आणि त्याच्यापुढे पसरलेलं धुकं. ‘धुक्याच्या समुद्रावरचा भटक्या’ या नावाने ओळखलं जाणारं हे तैलचित्र साधारण 1818 चं आहे. उंची 94.8 आणि रुंदी 74.8 सेंटिमीटर. ते हॅम्बुर्गच्या कुन्स्टहाले संग्रहालयात आहे.

डोळे किलकिले करा

चित्रापुढे पहिली काही सेकंदं डोळे अर्धवट मिटून बघा. फोनवर बघत असाल तर चित्र कृष्णधवल करा. तपशील विरघळतात आणि टोनचे, म्हणजे गडद-उजळपणाचे, मोठे पट्टे उरतात. ‘भटक्या’त असे तीनच पट्टे दिसतात: खाली जवळजवळ काळा खडक आणि त्याला जोडलेला माणूस, मध्ये पांढुरकं धुकं, वर उजळ आकाश. धुक्यातून डोकावणारे सुळके मधल्या टोनचे आहेत, पण ते सुटे सुटे आहेत.

सर्वांत गडद भाग सर्वांत उजळ भागाला थेट भिडतो, हे इथलं महत्त्वाचं. नेहमीच्या निसर्गचित्रात नजर पायऱ्यापायऱ्यांनी आत जाते: जवळचं गवत, मग झाड, मग नदीचं वळण, मग टेकडी, मग डोंगर. प्रत्येक पायरीला वस्तू थोडी लहान आणि थोडी फिकट होते, त्यावरून अंतर कळतं. फ्रीडरिशने मधल्या पायऱ्या काढून टाकल्या आहेत. खडक संपतो आणि त्यापुढचा डोंगर किती लांब आहे हे सांगणारं काहीच उरत नाही. पाहणाऱ्याला जी किंचित धडकी भरते तिचं कारण हे, ‘एकाकीपणा’ वगैरे नंतर.

आता क्षितिजरेषा शोधा. धुक्याच्या आणि दूरच्या डोंगरांच्या मागे ती साधारण माणसाच्या छातीच्या पातळीवर येते. दोन्ही बाजूंचे दूरचे उतारही त्याच्याच दिशेने खाली सरकतात, म्हणून नजर पुन्हा पुन्हा त्याच्या पाठीवर येऊन थांबते. क्षितिज नेहमी पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीवर असतं. म्हणजे आपली उंची जवळपास त्याच्याइतकी आहे, पण आपल्या पायाखाली जमीन दाखवलेली नाही. तो खडकावर उभा, आपण हवेत.

मग अंगठ्याने ती आकृती झाका. सुळक्यांचा आकार एकदम समजेनासा होतो. ते दोन मीटरचे दगड आहेत की दोनशे मीटरचे, सांगता येत नाही. अंगठा काढला की प्रमाण परत येतं. त्यानंतर आकृती मोकळी ठेवून फक्त पुढचा खडक झाका. आता माणूस तरंगायला लागतो आणि चित्रातला सगळा ठामपणा जातो. या दोन चाचण्यांतून कळतं ते असं: त्रिकोणी खडक आणि मधोमध उभी आकृती स्थैर्य देतात, तर गाळलेली मध्यभूमी आणि वाऱ्याने विस्कटलेले केस ते स्थैर्य पोखरतात. कंपन्यांच्या प्रेरणादायी पोस्टरवर हे चित्र निव्वळ विजयाचं म्हणून वापरतात. तो अर्थ अर्ध्या चित्राचाच आहे.

धुक्याबद्दल थोडं शास्त्र, कारण चित्रकार त्याचा उपयोग करतो. कोरड्या हवेतले रेणू निळा प्रकाश जास्त विखुरतात. त्यामुळे दूरच्या गडद डोंगरावर निळसर पडदा येतो, आणि दूरच्या बर्फावरून येणाऱ्या पांढऱ्या प्रकाशातला थोडा निळा वाटेत गळून बर्फ किंचित पिवळसर दिसतो. धुक्यातले पाण्याचे थेंब मात्र रेणूंपेक्षा खूप मोठे असतात. ते सगळे रंग जवळपास सारखेच विखुरतात, म्हणून धुकं पांढरं-करडं. अंतर दाखवायच्या या दोन तऱ्हा आहेत आणि दोन्हींचा भाव वेगळा. निळ्या डोंगररांगा एकामागून एक फिकट होत जातात, त्यामुळे अंतर लांब असलं तरी मोजता येतं, मन निवांत राहतं. धुक्यात मोजायचं साधनच हरवतं. चित्रात दूरचा भाग निळा आहे की करडा, एवढ्या एका प्रश्नाने भावाचा अर्धा उलगडा होतो.

एकाच डोंगराची दोन चित्रं

भाव विषयातून कमी आणि मांडणीतून जास्त येतो, हे पटवून घ्यायचं असेल तर बव्हेरियातला, म्हणजे दक्षिण जर्मनीतल्या आल्प्समधला, वाट्समान बघा. 2,713 मीटर उंचीचा हा डोंगर दोन चित्रकारांनी वर्षभराच्या अंतराने रंगवला.

लुडविग रिश्टर तेव्हा विशीत होता आणि त्याने आल्प्स प्रत्यक्ष पाहिले होते. त्याचं 1824 चं चित्र म्युनिकच्या नोये पिनाकोटेक या कलासंग्रहालयाच्या संग्रहात आहे. चित्र उभं आहे. फेसाळतं पाणी, दाट झाडी आणि माणसाच्या वावराच्या खुणा एकावर एक रचल्या आहेत, आणि वर बर्फाचं शिखर. नजर पाण्याच्या धारेला धरून खालून वर चढत जाते. डोंगर भव्य आहे, पण त्याच्या अंगाखांद्यावर कुणीतरी नांदतंय.

फ्रीडरिशचं चित्र 1824–25 चं, 135 बाय 170 सेंटिमीटरचं, आडवं. ते बर्लिनच्या आल्टे नात्सिओनालगॅलरीत आहे. त्यात माणूस नाही, घर नाही, वाट नाही. पुढे तपकिरी-हिरवट खडक, त्यांत रुजलेली थोडी झाडं, मागे उजळलेलं शिखर. पुढच्या खडकांवरून शिखराकडे जायला कुठलाच मार्ग दिलेला नाही. रिश्टरच्या चित्रात चढता येतं. इथे फक्त बघता येतं.

गंमत अशी की फ्रीडरिश आल्प्सला कधी गेलाच नाही. शिखरासाठी त्याने त्याचा शिष्य आउगुस्ट हाइनरिश याच्या अभ्यासचित्राचा आधार घेतला, आणि पुढचे खडक उत्तर जर्मनीतल्या हार्त्स डोंगरांतले, 1811 च्या भटकंतीत रेखाटलेले. ही त्याची कायमची पद्धत होती. बाहेर जाऊन एकेक खडक, एकेक झाड पेन्सिलीने काटेकोर उतरवायचं, तारीख टाकायची आणि कित्येक वर्षांनी स्टुडिओत हे तुकडे जोडून नवा देखावा तयार करायचा. ‘भटक्या’ही असाच जोडलेला आहे. त्यातले खडक सॅक्सनी आणि बोहेमियाच्या सीमेवरच्या एल्बे नदीकाठच्या वालुकाश्म डोंगरांतले, पण वेगवेगळ्या ठिकाणचे. पायाखालच्या खडकाचं रेखाटन 1813 चं आहे. त्या वर्षी नेपोलियनच्या युद्धामुळे ड्रेस्डेन सोडून तो याच भागातल्या क्रिपेन गावी राहिला होता.

म्हणून ‘ही जागा नेमकी कुठे आहे?’ हा प्रश्न इथे फार पुढे नेत नाही. उलट, प्रत्येक तुकडा मुद्दाम निवडून बसवलेला आहे म्हटल्यावर ‘हा इथे का?’ हा प्रश्न विचारायला बळ मिळतं. जागेवर बसून तासाभरात केलेल्या जलरंगाला असा प्रश्न विचाराल तर बऱ्याचदा उत्तर एवढंच असतं की झाड तिथे होतं.

प्रतीक म्हणायला पुरावा किती लागतो

चित्रकाराने स्वतःच अर्थ सांगितला आहे, असं फार क्वचित घडतं. फ्रीडरिशच्या बाबतीत एकदा घडलं, तेही भांडणामुळे.

1808 च्या नाताळात त्याने आपल्या स्टुडिओत ‘डोंगरावरचा क्रूस’ हे चित्र लोकांना दाखवलं. 115 बाय 110 सेंटिमीटरचं हे चित्र पुढे टेचेनच्या किल्ल्यातल्या थुन घराण्याकडे गेलं म्हणून ‘टेचेन वेदीचित्र’ (चर्चमधल्या प्रार्थनेच्या वेदीवर ठेवायचं चित्र) या नावानेही ओळखलं जातं. आज ते ड्रेस्डेनला आहे. गडद त्रिकोणी शिखर, त्यावर सूचिपर्णी झाडं आणि टोकाला क्रूस. सूर्य डोंगराआड आहे, त्याचे किरण तेवढे वर पसरलेले. क्रूसावरचा येशू आपल्याकडे नाही, सूर्याकडे तोंड करून आहे. सोनेरी कोरीव चौकटीत गव्हाची कणसं, द्राक्षवेल आणि त्रिकोणातला डोळा. वेदीवर बायबलमधला प्रसंग रंगवायचा, ही रीत. फ्रीडरिशने तिथे डोंगर ठेवला.

1809 च्या सुरुवातीला बासिलियुस फॉन रामडोर या समीक्षकाने त्यावर जोरदार टीका केली. त्याचे आक्षेप दोन प्रकारचे होते. एक, निसर्गचित्राने वेदीवर चढून बसणं हा आगाऊपणा आहे. दोन, यथार्थदर्शन चुकलं आहे: अख्खा डोंगरमाथा दिसावा आणि झाडांचा एवढा तपशीलही दिसावा, अशी उभं राहायची जागाच असू शकत नाही. दुसरा आक्षेप तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. फक्त रामडोर ज्याला चूक म्हणत होता तोच चित्राचा हेतू होता. पाहणाऱ्याला पाय टेकायला जागा न ठेवण्याची ही युक्ती दहा वर्षांनी ‘भटक्या’त पुन्हा येते.

या वादात फ्रीडरिशने चित्राचा अर्थ लिहून दिला. त्याचा आशय असा: खडक म्हणजे येशूवरची अढळ श्रद्धा. ऋतू बदलले तरी हिरवी राहणारी झाडं म्हणजे माणसाची आशा. मावळता सूर्य म्हणजे तो जुना काळ, जेव्हा ईश्वरपिता पृथ्वीवर थेट वावरत होता. तो सूर्य बुडाला, आता त्याचा उजेड क्रूसावरच्या येशूच्या सोनेरी देहावरून परावर्तित होऊनच पृथ्वीवर पोचतो.

इतका स्पष्ट पुरावा हाताशी असला की त्याच चित्रकाराच्या इतर चित्रांतल्या सदाहरित झाडांना ‘आशा’ म्हणायला आधार मिळतो. आधार, खात्री नव्हे. फ्रीडरिशच्या प्रत्येक झाडाला हा अर्थ लावायचा नाही. ते झाड रचनेत ठळक जागी आहे का, त्याच्यावर उजेड टाकला आहे का, त्याच्या शेजारी वठलेलं झाड किंवा थडगं असं विरोधी काही ठेवलंय का, हे आधी बघायचं. नुसत्या झाडीचा भाग असलेलं झाड हे झाडच.

‘भटक्या’बद्दल फ्रीडरिशचं असं स्पष्टीकरण नाही. त्यामुळे तिथे भाषा सैल ठेवावी लागते. त्याचा हिरवा कोट नेपोलियनविरुद्ध लढलेल्या स्वयंसेवक तुकड्यांच्या गणवेशासारखा आहे, म्हणून हे एखाद्या देशभक्ताचं स्मृतिचित्र असावं, असं काही अभ्यासक मानतात. चित्राचा काळ आणि 1813 चं रेखाटन पाहता हा तर्क जमतो, पण तो तर्कच आहे. ‘धुकं म्हणजे मृत्यूनंतरचं अज्ञात’ हा अर्थ चित्रकाराच्या धार्मिक वळणाला शोभतो. ‘धुकं म्हणजे करिअरमधला गोंधळ’ हा आपण आपल्या खिशातून घातलेला अर्थ आहे. घालायला हरकत नाही, पण तो चित्रकाराच्या नावावर खपवू नये.

चरित्राचाही मोह आवरावा लागतो. फ्रीडरिशचा भाऊ तो लहान असताना बर्फाखालच्या पाण्यात बुडून गेला, हे खरं आहे. म्हणून त्याच्या प्रत्येक थंड, रिकाम्या चित्रामागे तो अपघात आहे असं म्हणणं हा आळस आहे.

तेच धुकं, दुसरा अर्थ

प्रतीकांचा तयार कोश वापरला की काय होतं ते चीनमधल्या ग्वो शीच्या ‘वसंताची चाहूल’ या चित्रावरून कळतं. साल 1072, सोंग राजवट. रेशमावर शाई आणि हलका रंग, 158.3 बाय 108.1 सेंटिमीटरची लटकती गुंडाळी. ती आता तैपेईच्या राष्ट्रीय प्रासाद संग्रहालयात आहे.

यातही उंच डोंगर, धुकं आणि निष्पर्ण झाडं आहेत. फ्रीडरिशची चावी लावली तर अर्थ निघेल: मृत्यू, अज्ञात, श्रद्धा. तो साफ चुकीचा ठरेल. ग्वो शीचे विचार त्याच्या मुलाने संकलित केले आणि ते उपलब्ध आहेत. त्यांनुसार पाणी हे डोंगराचं रक्त, झाडझाडोरा हे केस आणि धुकं-ढग ही चेहऱ्यावरची कांती. वसंतातला डोंगर हसऱ्यासारखा असावा, हिवाळ्यातला झोपल्यासारखा. म्हणजे इथलं धुकं हिवाळा सरल्यावर परतणारा ओलावा आहे, आणि खेकड्याच्या नांग्यांसारख्या वाकड्या फांद्या पालवी फुटायच्या बेतात आहेत. मधला मोठा डोंगर सम्राटासारखा आणि भोवतालच्या लहान टेकड्या दरबाऱ्यांसारख्या असाव्यात, असंही तिथे सांगितलं आहे. ग्वो शी दरबारातला चित्रकार होता, तेव्हा हा अर्थ हवेतून आलेला नाही.

मांडणीही निराळी. खालून शिखराकडे, समोरून आतल्या दऱ्यांत आणि जवळून सपाट दूरवर, अशा तीन तऱ्हांनी अंतर दाखवायची पद्धत ग्वो शी सांगतो, आणि या एका चित्रात त्या तिन्ही आहेत. एकच क्षितिज नाही, एका बाजूने येणारा उजेड नाही. म्हणून वर सांगितलेली क्षितिज शोधायची चाचणी इथे चालत नाही. इथे पाहणाऱ्याने एका जागी उभं न राहता चित्रात फिरायचं असतं. खाली पाण्याजवळची इवली माणसं शोधा आणि तिथून वर चला.

आपल्याकडचा पाहणारा स्वतःचा तिसराच अर्थ घेऊन येतो. सह्याद्रीच्या घाटात धुकं बहुतेक पावसाळ्यात दिसतं, त्याला हिरवाई आणि धबधबे जोडलेले असतात. म्हणून मराठी डोळ्याला ‘भटक्या’तलं धुकं जर्मन पाहणाऱ्यापेक्षा जास्त सुखद वाटू शकतं. ही अडचण नाही, फक्त तिची नोंद ठेवायची. निकोलस रोरिकची हिमालयाची चित्रं पाहतानाही असंच होतं. हा रशियन चित्रकार 1928 पासून 1947 मध्ये मृत्यू येईपर्यंत कुलूजवळच्या नग्गरला राहिला. त्याचं शिखर दिसलं की आपल्याला कैलास आठवतो. त्याने स्वतः मात्र शंभालाच्या, म्हणजे तिबेटी बौद्ध परंपरेतल्या गूढ राज्याच्या, कल्पनेवर भरपूर लिहिलं आहे, तेव्हा आधी ते पाहावं.

कुठे बिघडतं

सर्वांत जास्त फसवणूक छपाई आणि पडदा करतात. ऑनलाइन प्रतींत रंग भडक केलेले असतात. एकाच चित्राच्या दोन प्रती शेजारी ठेवल्या तर एकीत आकाश गुलाबी, दुसरीत राखाडी निघतं. त्यावरून ‘गुलाबी म्हणजे आशा’ लिहिलं तर वाक्य छापखान्याबद्दल होतं. संग्रहालयाच्या स्वतःच्या संकेतस्थळावरची प्रत वापरा, आणि शक्य तितके निष्कर्ष रंगाऐवजी टोन आणि रचनेवर बेता. जुन्या तैलचित्रावरचं व्हार्निशही कालांतराने पिवळं पडतं, म्हणून सगळीकडे सारखी पसरलेली ऊब दिसली तर ती संध्याकाळच असेल असं नाही.

आकार हरवणं ही दुसरी गोष्ट. ‘वाट्समान’ पावणेदोन मीटर रुंद आहे, फोनवर तो तळहाताएवढा होतो आणि त्याचं दडपण निघून जातं. वर्तमानपत्राचे कागद चिकटवून 135 बाय 170 चा आयत भिंतीवर लावा आणि दोन पावलं मागे उभे राहा. शिखर किती जागा घेईल ते तेव्हा समजतं.

शीर्षकाने सुरुवात करणंही टाळा. जुन्या चित्रांची नावं पुष्कळदा नंतरच्या लोकांनी किंवा संग्रहालयांनी दिलेली असतात.

लिहायला बसलात की तीन थर वेगळे ठेवा. ‘वाट्समान’बद्दल ते असे येतील. दिसतं ते: पुढचे खडक सावलीत, शिखर उजेडात, दोघांना जोडणारी वाट नाही, माणूस नाही. त्यातून भाव: शिखर स्पष्ट दिसतं तरी हाती लागत नाही, त्यामुळे आदर आणि अंतर एकदम जाणवतात. त्यानंतर अर्थ: ज्याने 1808 च्या चित्रात खडकाला श्रद्धा म्हटलं, त्याने इथे न गाठता येणाऱ्या शिखरात ईश्वर पाहिला असावा. शेवटच्या वाक्यातलं ‘असावा’ खोडू नका, कारण या चित्राबद्दलचं त्याचं तसं स्पष्टीकरण आपल्या हाती नाही.